पाय पूर्वेला

सरांबद्दल सांगायचं तर दातांपासून सुरुवात करावी लागते. पडलेले, काढलेले असे आपले सगळे दात त्यांनी जपून ठेवले होते. तपकिरीच्या रिकाम्या डबीत, खाली कापूस घालून. ही माहिती मी काही विचारायला गेले नव्हते. कोल्हापुरात राजारामपुरीला दातांच्या एका डॉक्टरांकडे आईला घेऊन बसले होते, तेव्हा आतून ओळखीचा आवाज आला, "माझा दात कुठे टाकलात?" डॉक्टर काहीतरी पुटपुटले. मग बादली सरकवल्याचा आवाज झाला आणि गालात बोळा धरलेले आमच्या शाळेचे भूगोलाचे सर बाहेर आले. हातात रुमाल, रुमालात दात. मी मासिक तोंडापुढे धरलं, पण उपयोग झाला नाही. "बाई, तुम्ही इथे? सलाम! हे बघा, फेकून देत होते," असं म्हणून त्यांनी रुमाल माझ्यापुढे उघडला. बाकावरच्या सगळ्यांनी आधी दाताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्यांना जरा चिडूनच विचारलं, "सर, देवाला शेवटच्या दिवशी एक दात नवा करता येणार नाही का?"

"येईल की," सर म्हणाले. "पण आपण आपल्या बाजूने हयगय का करायची?"

आम्ही ख्रिस्ती लोक मेलेल्या माणसाला पुरतो. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले आपापल्या देहानिशी उठतील, असा आमचा विश्वास. आमच्यातले बहुतेक जण हे रविवारी मानतात आणि सोमवारी कामाला लागतात. सरांचं तसं नव्हतं. एस.टी.च्या वेळापत्रकावर ठेवावा तसा त्यांचा त्या दिवसावर भरवसा होता. गाडी उशिरा येईल, पण येणार; तेव्हा आपण सामान बांधून फलाटावर असलेलं बरं.

त्या शाळेत ख्रिस्ती असे आम्ही दोघंच. हे शाळेला कळलं तेही सरांमुळे. माझं आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही, आणि कपाळाला बारीकशी टिकली लावायची सवय मी कॉलेजात असतानाच लावून घेतली होती. खोटं कधी बोलले नाही. कुणी विचारलं नाही, एवढंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कोपऱ्यातून आमच्यातल्या नमस्काराची हाक आली, "सलाम, बाई! अहो, आपल्यातल्याच की तुम्ही! तुमच्या आजोबांना मी चांगला ओळखतो." माझे आजोबा माझ्या जन्माआधी गेलेले आणि सर नगरकडून नोकरीसाठी इथे आलेले. मी गोंधळून बघत राहिले. "आपल्या दफनभूमीत, चिंचेपाशी. जागा जरा खचली आहे, पण पाय बरोबर पूर्वेला आहेत. काळजी करू नका." सगळी खोली हसली. मीही हसले, आणि कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून मी शाळेत 'सरांच्यातल्या बाई' झाले.

पूर्वेचं त्यांना वेड होतं. येणारा ख्रिस्त पूर्वेकडून येईल, तेव्हा उठणाऱ्याचं तोंड तिकडेच हवं. म्हणून डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. खड्डा काढणाऱ्यांच्या अंदाजावर ते विसंबत नसत. शाळेच्या कपाटातलं होकायंत्र खिशात घालून प्रत्येक दफनाला हजर. घरची माणसं रडत असायची आणि सर खड्ड्याच्या काठावर वाकून म्हणायचे, "अजून थोडं उजवीकडे." त्यांच्या पत्नींना त्याच दफनभूमीत पुरलं होतं. त्यांच्या शेजारी सरांनी स्वतःसाठी एक जागा आणि पलीकडे मुलासाठी एक जागा चुन्याने रंगवलेल्या विटा लावून आखून ठेवली होती. दुसरे लोक पाहुण्यांना नवा फ्लॅट दाखवतात, तसे सर आपली जागा दाखवत. एकदा तर एका पाहुण्याला लांबी पटेना म्हणून ते तिथे सरळ आडवे झाले, बुटांसकट. रस्त्याने आमच्या शाळेची मुलं चालली होती. सोमवारी वर्गात मला प्रश्न आला, "बाई, तुमची पण जागा हाय का तिथं?"

शाळेत त्यांची जोडी जमायची ती गणिताच्या सरांशी. ते लिंगायत. त्यांच्यातही पुरतात, पण बसवून. एकदा डबा खाता खाता ते सरांना म्हणाले, "तुमचा माणूस झोपल्याला, आमचा बसल्याला. कर्णा वाजला की आदी कोण हुभा ऱ्हाईल, सांगा की." सगळे हसले. सर हसले नाहीत. दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत ते येऊन गणिताच्या सरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, बसलेला लवकर उठेल. पण इतकी वर्षं मांडी घातलेली. पायाला मुंग्या नाही का येणार?"

असे सर आता आठवले की हसू येतं. तेव्हा मात्र मला त्यांची लाज वाटायची. त्यांनी काही केलं की शाळा माझ्याकडे बघायची, जणू आम्ही दोघांनी मिळून ठरवून केलं आहे.

आणि त्यांचं सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली त्यांच्याकडे असे. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ म्हातारपणी मुंबईला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. तिथल्या लोकांनी त्यांना विद्युतदाहिनीत नेलं. त्यांची बायको राख घेऊन कोल्हापूरला आली. सासू-सासऱ्यांच्या कबरेत ठेवायची होती. आम्ही पाच-पंचवीस माणसं जमलो होतो. सर फाटकात उभे, किल्ली मुठीत.

"इथे माणसं पुरतात," ते म्हणाले. "चुलीतलं नाही."

पाळकसाहेबांनी समजावलं, मातीतून माणूस घडवणाऱ्याला राख काय जड आहे? सर म्हणाले, "त्याला जड नाही, साहेब. पण जाळणं म्हणजे त्याला निरोप धाडणं, की येऊ नकोस, इथे तुझं काही ठेवलेलं नाही." त्या बाई छातीशी गाडगं धरून ऐकत होत्या. आमच्यापैकी कुणीही सरांच्या हातून किल्ली काढून घेतली नाही. बाई पुन्हा रिक्षात बसल्या. गाडगं मांडीवर होतं आणि रिक्षावाला विचारत होता, "आता कुणीकडं?" तेव्हा माना खाली घालून चपलांकडे बघणारी आम्ही पाच-पंचवीस माणसं मला अजून दिसतात.

सरांना एकच मुलगा. शिरोलीला एका फौंड्रीत होता. वारणेकडच्या एका गावातल्या शेतकऱ्याच्या मुलीशी त्याने रजिस्टर लग्न केलं, आणि सरांनी घराचं दार त्याला बंद केलं. मुलगा सासुरवाडीत राहायला लागला. मुलगी हिंदू, म्हणून राग होताच. पण सरांचं खरं दुःख वेगळं होतं. "तिकडे राहिला तर उद्या त्याला ते लोक जाळतील," असं ते मला एकदा म्हणाले. आणि मग, एवढी भीती असलेल्या माणसाने काय करावं? दफनभूमीत जाऊन मुलाच्या जागेच्या विटा उपटून काढल्या. मंडळीत कुणी मुलाचं नाव काढलं की सर उठून जायचे. त्याच्या बायकोचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं.

एका सोमवारी दुसरा तास चालू असताना कारकून सरांच्या वर्गाच्या दारात आले. शाळेत तेव्हा एकच फोन होता, कार्यालयातला. माझा वर्ग शेजारचा, म्हणून मला ऐकू आलं.

"सर, फोन आलता. तुमचा पोरगा... उसाच्या ट्रॉलीला गाडी धडकली. काल माती झाली म्हनं. तुमास्नी बोलिवलंय. पुढचं काय ऐकू आलं न्हाई, लाईन लई खरखरत हुती."

माती झाली. आमच्या कोल्हापूरकडे माणूस मेला की त्याची माती होते. मग त्याला पुरोत की जाळोत. लोक पंचगंगेच्या घाटावर चिता पेटवून येतात आणि सांगतात, "मातीला गेलतो." सर वीस-बावीस वर्षं कोल्हापुरात होते, या शब्दाची त्यांनी स्वतः कितीदा टर उडवली होती, "जाळता आणि वर माती म्हणता!" म्हणून. पण त्या दिवशी ते खडूचे हात पुसत माझ्या वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, माती दिली म्हणतात. जाळलं नाही."

मुख्याध्यापकांनी मला त्यांच्याबरोबर जायला सांगितलं. "तुम्ही त्यांच्यातल्या," असंच म्हणाले. सर घरी जाऊन पिशवी घेऊन आले. पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक आणि भिंतीवरून काढलेला लाकडी क्रूस. एस.टी.त ते खिडकीशी बसले आणि आयुष्यात कधी बोलले नसतील असं मऊ बोलू लागले. "चांगली माणसं आहेत. मी उगाच वाईट बोललो. परक्याच्या पोराला त्याच्या धर्माप्रमाणे माती द्यायची म्हणजे लहान गोष्ट नाही. जाऊन पाया पडेन मी त्यांच्या." मग म्हणाले, "पाय पूर्वेला केले असतील का हो? नसतील केले तरी चालेल." सरांच्या तोंडून हे! मी मागे पळणाऱ्या उसाकडे बघत होते. मला माती म्हणजे काय ते माहीत होतं. पण ते सांगायला शब्द कुठून आणणार होते?

गावात शिरलो तर घरी एक म्हातारी तेवढी होती. माणसं नदीवर गेली होती. "तुमच्यासाटनंच थांबल्यात," ती म्हणाली. आम्ही नदीच्या वाटेने निघालो. काठावर पत्र्याच्या शेडखाली बरीच माणसं उभी होती. एका बाजूला बायका. सर नव्या मातीचा ढीग शोधत होते. त्यांची नजर शेडवरून दोनदा तशीच पुढे गेली. मग पांढरं धोतर नेसलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक गृहस्थ पुढे आले. मुलाचे सासरे. "या पावणं," ते म्हणाले. "रक्षाविसर्जनाला तुमचीच वाट बघत हुतो." आणि बाजूला झाले. मागे राख होती.

मग बायकांच्या घोळक्यात पुढे बसलेली विशीतली पोरगी सरांना दिसली. ती कोण, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ते ओरडले. तिच्याकडे बोट करून ओरडले.

"जाळलंत! माझ्या पोराला जाळलंत तुम्ही! आता तो उठणार कसा? काय घेऊन उठणार? त्याचं काही ठेवलं नाहीत!"

नदीवर आवाज घुमला. मी "सर, सर" म्हणत दंड धरला, त्यांनी हात झिडकारला. एवढ्या माणसांत एकही उलट बोलला नाही. मला वाटलं, कुणीतरी बोलावं, दोन शिव्या द्याव्यात, म्हणजे हिशेब तरी मिटेल. सासऱ्यांनी त्यांना दम खाऊ दिला आणि मग म्हणाले, "पावणं, आमचा धाकला आलता की काल सकाळी तुमच्याकडं. तुमच्या देवळात."

"कोण? माझ्याकडे कोणी आलं नाही."

"आलता. तुमी दारातच हुतासा. गावाचं नाव घेतल्याबराबर तुमी दार लावलंसा. त्येनं वाजवलं बी. आत गाणी चाललीती."

रविवारी चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर होते. उपासना सुरू झाली की दार लावायचं काम सरांचं. दारात एक तरुण काहीतरी सांगत होता, आणि सरांचं एक वाक्य मी ऐकलं होतं, "त्या गावाशी माझा संबंध नाही." नंतर दार दोनदा वाजलं, तेही ऐकलं होतं. मीच का, मागच्या बाकांवरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. पण उपासना चालू असताना दार उघडायचं नाही, हा सरांचा नियम होता आणि आम्ही गात होतो.

"बंद दाराला काय सांगायचं?" सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शेजारच्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "तुमच्यात असंच असतंय व्हय, बाई?"

"चला जरा," असं म्हणून सासरे सरांना काठाने वर घेऊन गेले. सगळे मागोमाग. वर त्यांचं शेत होतं. बांधाच्या आत, उसाच्या कडेला, माणसाच्या लांबीचा खड्डा काढलेला होता. चांगला खोल, कडा सरळ तासलेल्या. रिकामा.

"पोरगी म्हटली, त्यांच्यात पुरत्यात, पाय उगवतीकडं करत्यात. तसाच काढलाय बगा. डेअरीतनं बर्फ आणला. दुपारपतूर तुमची वाट बघितली. पर जुनी माणसं म्हटली, वर काय म्हणायचं? तुमचं म्हणायचं आमास्नी कुणाला यीत न्हाई. अन् काय न म्हणता पुरायचं म्हंजे बेवारशी. पोरगं बेवारशी हुतं व्हय? मग आमच्या पोरावानी केलं."

सर खड्ड्याच्या काठावर उभे होते. होकायंत्र त्यांच्या खिशात असेलच, पण त्यांनी ते काढलं नाही. मग ते म्हणाले, "थोडी राख मिळेल का मला?"

"थोडी कशाला? तुमचाच हाय की त्यो."

नव्या कापडाच्या धडप्यात राख बांधून आणली. सर त्या वयात खड्ड्यात उतरले. दोघांनी हात धरून उतरवलं. धडपा कुठे ठेवायचा हे त्यांना कळेना. एकदा डोक्याच्या बाजूला ठेवला, मग उचलून मध्ये. शेवटी त्यांनी गाठ सोडली आणि राख मुठीने घेऊन पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत पसरत गेले, एका माणसाच्या लांबीची.

वर येऊन त्यांनी पुस्तक न उघडता प्रार्थना सुरू केली. आमच्या अर्ध्या मंडळीवर त्यांनी ती म्हटलेली. दफनाच्या त्या प्रार्थनेत मातीच्या जोडीने राखेचाही शब्द आहे. सर नेहमी तो घाईघाईने म्हणून टाकायचे. त्या दिवशी ते तिथे आले आणि थांबले. मुठीतली माती गळत राहिली. माणसं एकमेकांकडे बघू लागली, तेव्हा तो शब्द मी म्हटला, आणि पुढची प्रार्थनाही मीच म्हटली. सगळ्यांनी एकेक मूठ माती लोटली. क्रूस कुठे रोवायचा ते सासऱ्यांनी विचारलं आणि स्वतःच दगडाने ठोकला.

माणसं परतायला लागली. ती पोरगी मात्र तिथेच उभी होती. मग दोन पावलं पुढे आली. सरांशी, आपल्या सासऱ्याशी, बोलायची तिची ही पहिली वेळ.

"मामा," ती म्हणाली, "तुमी मघाशी म्हटलासा, त्ये आता उठायचं न्हाईत. मला म्हाईत न्हवतं वो. माझ्यामुळं न्हाई का उठायचं त्ये?"

मी सरांकडे बघूच शकले नाही. जन्मभर ज्यासाठी ते होकायंत्र घेऊन फिरले, किल्ली मुठीत धरून बसले, ते सगळं या पोरीने खरं मानलं होतं, एका ओरडण्यात.

"उठेल," सर म्हणाले. "उठेल गं, पोरी. तुझ्यामुळे काही अडायचं नाही. उठला की आधी तुझ्याकडे येईल." मग म्हणाले, "माझ्याकडे येईल का, ते मला सांगता येत नाही."

तिने पदराने तोंड पुसलं.

"येतील की," ती म्हणाली. "तुमची लई आठवण काढायचं. दार तेवढं लावून घिऊ नगासा."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं. सरांनी मान खाली घातली ती वर केली नाही, आणि माझीही वर होईना.